मु. पो. डब्लिन

कुर्डुवाडी जंक्शनवर मला निरोप द्यायला आलेले अण्णा माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांचं लक्ष टपालाच्या डब्याकडे. बार्शीहून छोट्या गाडीने आम्ही तिघं सकाळीच येऊन बसलो होतो. मुंबईची गाडी दुपारी आली, आणि ती थांबल्याबरोबर अण्णा आधी पुढे जाऊन टपालाच्या डब्यात पत्रं निवडणाऱ्या सॉर्टरशी चार शब्द बोलून आले, मग माझ्या खिडकीशी. आईने डोळ्यांना पदर लावला होता. अण्णा म्हणाले, "पोचल्याबरोबर पत्र टाक. आणि पत्ता पूर्ण लिहीत जा. टपाल खातं मनकवडं नसतं."

अमेरिकेला निघालेल्या एकुलत्या एक मुलाला बापाने करायचा हा काय उपदेश झाला? पण आमच्या अण्णांनी सारी हयात पोस्टात काढली होती आणि त्याच वर्षी ते पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. माणूस कसा आहे हे ते त्याच्या पत्ता लिहिण्यावरून ठरवत. लहानपणी मी एकदा त्यांना विचारलं होतं, मु. पो. म्हणजे काय? ते म्हणाले होते, "मुक्काम आणि पोस्ट. माणूस राहतो तो मुक्काम. त्याचं पत्र जिथे येतं ते पोस्ट. बहुतेकांचं दोन्ही एकाच गावात असतं, म्हणून जोडून लिहायचं. वाडीवस्तीवर पोस्ट नसतं, तिथे मुक्काम वेगळा, पोस्ट वेगळं." मला ते तेव्हा व्याकरणाच्या नियमासारखं वाटलं होतं, पाठ करायचं आणि सोडून द्यायचं.

गाडी हलली तेव्हा अण्णा खिडकीबरोबर चार पावलं चालले. "खोली तुझीच आहे," ते म्हणाले. "दोन वर्षं काय, बघता बघता जातील."

ती खोली म्हणजे आमच्या दोन खोल्यांच्या घरावर, गच्चीत, अण्णांनी निवृत्त झाल्यावर बांधून घेतलेली. मी शिकून परत आलो, लग्न झालं, की मला म्हणून. एक खिडकी, एक टेबल, भिंतीत कपाट. रंग अजून ओला होता तेव्हा मी निघालो. दोन वर्षांत परत येतो, हे मी माझ्या तोंडाने सांगितलं होतं. कोणी वदवून घेतलं नव्हतं. हे साल एक्क्याऐंशी.

पुढचं तुमच्यापैकी जे इकडे आले त्यांना सांगायला नको. दोन वर्षं एम.एस.मध्ये गेली, मग "थोडा अनुभव घेऊन येतो" म्हणून नोकरी, मग ग्रीन कार्डचे कागद अर्धवट आहेत म्हणून. मध्ये तीन आठवड्यांसाठी जाऊन लग्न करून आलो. सुनंदा पुण्याची. आमची मेघना इथेच झाली. आणि दर पत्रात अण्णांचं शेवटचं वाक्य ठरलेलं: "खोली काल झाडून घेतली." त्यात कुठे आरोप नसायचा. पण ते वाक्य वाचलं की मी घरातल्या घरात येरझाऱ्या घालायला लागायचो.

तेव्हा आम्ही कोलंबसजवळच्या डब्लिनमध्ये राहायला आलो होतो. ओहायोतलं डब्लिन. कुणा आयरिश माणसाने आपल्या गावाच्या आठवणीने नाव ठेवलेलं, असं सांगतात. गावाच्या पाटीवर आयर्लंडची खूण, हिरवी तीन पानं, अवतीभोवती मक्याची शेतं आणि त्या शेतांत दर महिन्याला उगवणारी नवी घरं. आम्ही अपार्टमेंटमध्ये, भाड्याने. सामानाचे चार खोके मी फोडलेच नव्हते. सोफा घ्यायचा विषय निघाला की मी म्हणायचो, कशाला, उगीच विकताना त्रास. नवी घरं बांधणाऱ्यांपैकी एकाचं माहितीपत्रक सुनंदाने फ्रिजवर लावून ठेवलं होतं. मी दूध काढताना दुसरीकडे बघायचो.

एकदा ती चिडून म्हणाली, "अरे, आपण इथे राहतोय की वेटिंग रूममध्ये बसलोय? ते एकदा डिसाइड कर ना. मेघना बघता बघता स्कूलला जायला लागेल. कुठल्या स्कूलला, हे तरी सांगशील का मला?"

मी सांगितलं, अण्णांना एकदा नीट लिहितो, मग ठरवू. आणि लिहिलं मात्र काहीच नाही. दोन दगडांवर पाय ठेवण्यात माझ्याइतका सराईत माणूस सापडला नसता.

अशात ऑफिसमध्ये आयर्लंड निघालं.

आमची कंपनी कारखान्यांना लागणारे व्हॉल्व्ह बनवायची. युरोपात माल विकायचा तर जकात आडवी यायची, म्हणून तिकडेच कुठेतरी कारखाना टाकावा असा विचार सुरू झाला. माझा साहेब डेव्ह, उंच, हसरा, सगळ्यांना पाठीवर थाप मारून कामाला लावणारा. त्याने मला बोलावून सांगितलं, "श्री, परदेशी कंपनीने आयर्लंडमध्येच का जावं, यावर मला एक रिपोर्ट लिहून दे. तू स्वतः परदेशातून आलास. परक्या जागी बस्तान बसवायला काय लागतं ते तुला कळेल." बस्तान हा शब्द माझा. तो काहीतरी 'सेट अप शॉप' असं म्हणाला होता.

मी कामाला लागलो, आणि खरं सांगतो, इतक्या वर्षांत कुठल्या कामाने मला असं अस्वस्थ केलं नव्हतं. कारणं तर धडाधड मिळत गेली. तो देश कॉमन मार्केटमध्ये होता, म्हणजे तिथे बनवलेला माल जकातीशिवाय सगळ्या शेजाऱ्यांकडे जाणार. कर अगदी हलका. सरकार कारखान्यासाठी शेड तयार बांधून किल्ली हातात देणार. भाषा इंग्रजी, म्हणजे डेव्हला फोनवर दुभाषा नको. आणि सगळ्यात मोठं कारण मी पाचव्या क्रमांकावर लिहिलं होतं, ते डेव्हने उचलून पहिल्यावर नेलं. तिथली तरुण मुलं चांगली शिकलेली आहेत आणि त्यांना देशात काम नाही. शिकतात आणि जातात. बोस्टनला, लंडनला, सिडनीला.

"हे सोनं आहे," डेव्ह म्हणाला.

मी माझ्या टेबलाशी परत आलो आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. शिकतात आणि जातात. हे आमच्या बार्शीबद्दल कोणी लिहिलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो. इथे मीच लिहिलं होतं, वर त्याला सोनं म्हणवून घेतलं होतं. आणखी एक गोष्ट मला सारखी टोचायची. कंपनीला पाच देशांत पाच मुक्काम करता येतात आणि तिला कोणी विचारत नाही, परत कधी येणार. तिच्यासाठी कोणी खोली झाडून ठेवत नाही. मला हेवा वाटला, कंपनीचा! हसू नका.

त्याच सुमारास ओळखीचे जोशीकाका भारतात निघाले होते. तेव्हाची आपली रीत तुम्हाला आठवत असेल. कोणी जाणार असलं की त्याच्या बॅगेत आपली पत्रं कोंबायची, तो मुंबईला उतरून तिकीट लावून पेटीत टाकणार. अण्णांना ही रीत मुळीच आवडत नसे. पण मी घाईघाईत एक पत्र लिहून काकांच्या हाती दिलं. आम्ही घर बदललं, हा नवा पत्ता. ऑफिसात आयर्लंडच्या कारखान्याचं काम माझ्याकडे आलंय. मेघनाला दोन दात आले. खोलीबद्दल एक अक्षर नाही.

जुलैच्या शेवटी डेव्हने मला तीन आठवड्यांसाठी आयर्लंडला पाठवलं. मूळच्या डब्लिनला.

मी मिसेस ओब्रायन नावाच्या बाईंच्या घरी उतरलो होतो. त्या घरातल्या खोल्या प्रवाशांना देत आणि सकाळी नाश्ता खिलवत. माझ्या कार्डावर डब्लिन वाचून त्या इतक्या हसल्या की चहा सांडला. मला मिळालेली खोली त्यांच्या मुलाची होती, सीनची. भिंतीवर त्याच्या शाळेच्या संघाचा फोटो तसाच. तो बोस्टनला बांधकामावर, चार वर्षं झाली. मी विचारलं, तुम्हाला त्याची खोली भाड्याने द्यायला कसं वाटतं? मला वाटलं, रडतील. त्या म्हणाल्या, "पहिलं वर्षभर बंद ठेवली. ओल धरली. गादीला बुरशी आली. खोलीत कोणीतरी श्वास घेणारं लागतं बघ. तो आला तर मी पाहुण्याला बाहेर काढीन की!"

दिवसा मी सरकारी अधिकाऱ्यांबरोबर शेड बघायचो. हिरव्या माळावर नवी कोरी रिकामी शेड, दिवे लावलेले, आत यंत्र एकही नाही. माझ्याच वयाचा एक अधिकारी किल्ल्यांचा जुडगा घेऊन प्रत्येक दार उघडून दाखवायचा. शेवटच्या दिवशी मी त्याला ठरलेला प्रश्न विचारला, माणसं मिळतील ना? तो म्हणाला, "इथली तर मिळतीलच. पण तुम्ही पेपरात जाहिरात दिलीत ना, की बाहेर गेलेल्यांच्या आया ती कापून पाकिटात घालून पाठवतील. निम्मे अर्ज तुम्हाला परदेशातून येतील." आणि तो हसला नाही. ते कारण मी रिपोर्टात घातलं नाही. कुठल्या मथळ्याखाली घालायचं तेच कळेना.

राहायच्या जागेहून निघालं की वाटेत मोठं पोस्ट ऑफिस लागायचं. एकदा आत शिरून मी अण्णांसाठी एक चित्राचं कार्ड घेतलं. पूल आणि नदी. मागे लिहिलं: "डब्लिनहून नमस्कार. इथे हवा छान आहे. हिरवळ खूप. सविस्तर मागून लिहितो." तिकीट लावलं आणि पेटीत टाकलं. शिक्का नीट उमटला तर अण्णांना आवडेल, एवढाच विचार केला.

ओहायोत परतलो. रिपोर्ट दिला. सप्टेंबरात, गणपती होऊन गेल्यावर, एक दिवस टपालात अण्णांचं एअरोग्राम, परदेशी टपालाचं ते घडीचं पत्र, आलं. त्याची दशा बघून मी आधी घाबरलोच. चार शिक्के, एक खोडलेला, कडा फाटलेल्या. अण्णांच्या मोत्यासारख्या अक्षरात माझा पत्ता, रस्त्याचं नाव बरोबर, घराचा आकडा बरोबर, डब्लिन, पुढे ओहायोचं ओ.एच., आणि त्याखाली स्वच्छ: आयर्लंड. बाजूला कोणा आयरिश पोस्टमनने हिरव्या शाईने लिहिलं होतं, आमच्याकडे असा रस्ता नाही, अमेरिकेत ओहायोला बघावं.

मी तीन आठवडे ज्या शहरातल्या पोस्टावरून जात होतो, त्याच शहरात माझं पत्र येऊन पडलं होतं.

आत मजकूर थोडाच होता. "चि. श्रीकांत, अनेक आशीर्वाद. कंपनीने तुला आयर्लंडला नेलं हे पत्रावरून कळलं. आपल्याला ते अमेरिकेपेक्षा जवळ पडतं की लांब, ते नकाशात पाहिलं. जवळ आहे. आता विचारतो. कन्याशाळेत लातूरच्या एक बाई नव्या आल्या आहेत, त्यांना खोली हवी आहे. तुझ्या आईचं म्हणणं, द्यावी. मी म्हटलं, खोली श्रीकांतची आहे, त्याला विचारल्याशिवाय नाही. तू येणार असलास, मग पाच वर्षांनी का होईना, तर तसं कळव. मी ठेवीन. गणपतीपर्यंत वाट पाहीन. झाडून घेतली आहे."

सहा वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं. तेही चुकीच्या देशात.

बार्शीला अण्णांच्या शेजारच्या कुलकर्णी डॉक्टरांकडे फोन होता. दोन दिवस लाइन मिळत नव्हती, तिसऱ्या दिवशी सकाळी मिळाली. अण्णांना बोलावून आणेपर्यंत मी फोनची वायर बोटाला गुंडाळत उभा. ते धापा टाकत आले.

"अण्णा, खोली दिलीत का?"

"दिली. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी. बाई चांगल्या आहेत."

"मी उत्तर पाठवणार होतो, पण—"

"उत्तर आलं की तुझं. कार्ड आलं. हवा छान आहे, हिरवळ खूप." त्यांच्या आवाजात राग नव्हता. तेच सहन होईना.

मी घाईघाईने सगळं सांगितलं. मी आयर्लंडला राहत नाही, कामाला गेलो होतो, हे डब्लिन वेगळं, अमेरिकेतलं, पत्र तिकडे गेलं आणि आता फिरून आलं.

"म्हणजे पत्ता माझ्या हातून चुकला?" अण्णा म्हणाले. खोली, मी, सगळं बाजूला राहिलं. आयुष्यभर लोकांचे पत्ते सुधारणारा माणूस तो. "मला वाटलं ओ.एच. म्हणजे तिकडचा काही पोस्टाचा विभाग असेल. तुझं पत्र मुंबईच्या शिक्क्याचं. खाली देश नव्हता. डब्लिन म्हटल्यावर—"

"तुमचं नाही चुकलं, अण्णा. माझं चुकलं. मी देश लिहिला नाही. इथे कोणी लिहीत नाही, सवय झाली."

"देश लिहायला विसरलास?"

त्यांना फक्त पत्त्याची शेवटची ओळ म्हणायची होती. टोमणा मारणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. "हॅलो, हॅलो" असं ते म्हणत राहिले आणि मी रिसीव्हर कानाला लावून रडत होतो. सुनंदाने येऊन माझ्या हातातून फोन घेतला आणि त्यांच्याशी मेघनाच्या दातांबद्दल बोलली.

पत्र वेळेवर आलं असतं तर मी काय लिहिलं असतं? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारलाय की आता त्याचं खरं उत्तर द्यायला हरकत नाही. मी लिहिलं असतं, ठेवा. नक्की येतो. आणि ती खोली आणखी दहा वर्षं ओल धरत राहिली असती. आईला खालून वर दिवा दिसला नसता.

त्या महिन्यात आम्ही फ्रिजवरच्या कागदातलं घर बघायला गेलो आणि सह्या केल्या. मी खोके फोडले. एकात अण्णांनी निघताना दिलेला तांब्या निघाला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. डेव्हने विचारलं, आयर्लंडचा कारखाना उभा करायला दोन वर्षांसाठी जातोस का? मी म्हटलं, दोन वर्षं म्हणजे किती असतात ते मला माहीत आहे. तो हसला, त्याला काही कळलं नाही. कारखाना उभा राहिला. काही वर्षं चांगला चालला, मग कंपनीला आणखी पूर्वेला स्वस्त जागा मिळाली आणि तिने तिथलंही बिऱ्हाड उचललं. त्या किल्ल्यांच्या जुडग्यावाल्याची मला कधीकधी आठवण येते.

नव्या घरातून अण्णांना पहिलं पत्र लिहिलं, तेव्हा पाठवणाऱ्याच्या पत्त्याच्या जागी मी मराठीत लिहिलं: मु. डब्लिन, ओहायो, अमेरिका. पो. बार्शी. महिन्याने त्यांचं उत्तर आलं. "असा पत्ता खात्याला चालत नाही. पत्र जिथे मिळतं ते पोस्ट, आणि तुला पत्र तिथेच मिळतं. पुन्हा असं लिहू नये." मग एक ओळ सोडून, "पण तुझ्या नावाचं काही इथे आलं तर मी परत पाठवणार नाही." त्या पत्रात खोली झाडल्याचं वाक्य नव्हतं. माझ्या पत्त्याखाली मात्र यू. एस. ए. असं लिहून त्याखाली त्यांनी दोन रेघा मारल्या होत्या.

दोन वर्षांनी आम्ही गेलो तेव्हा मी न राहवून गच्चीवर चढलो. खोलीच्या दारात एक बाई वह्या तपासत बसल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "कोण हवंय आपल्याला?" मी नाव सांगितलं. त्या एकदम उठल्या, आतली खुर्ची बाहेर आणली आणि म्हणाल्या, "या ना, बसा. तुमचीच खोली." मी त्या खोलीत पाहुण्यासारखा चहा प्यायलो. भिंतीवर कुठेच ओल नव्हती.

आता अण्णा नाहीत, आईही नाही. मेघना शिकागोला असते आणि मला विचारते, "बाबा, व्हेअर इज होम फॉर यू, रिअली?" मी तिला मुक्काम आणि पोस्ट समजावायला जातो, ती "दॅट्स स्वीट" म्हणून दुसऱ्या विषयाला लागते. घर आम्ही बाईंनाच दिलं. त्याही निवृत्त झाल्या, खाली राहतात, वरच्या खोलीत कोणी ना कोणी ठेवतात.

माझ्या नावाने बार्शीला अजून वर्षातून दोन-चार गोष्टी येतात. कुणाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं बोलावणं. पाठवणाऱ्यांकडे माझा तोच जुना पत्ता. बाई त्यातलं एकही परत पाठवत नाहीत. नव्या पाकिटात घालतात आणि मला धाडतात. मागच्या आठवड्यात एक आलं. अक्षर मास्तरणीचं, ठळक. घराचा आकडा, रस्ता, डब्लिन, ओहायो, आणि शेवटी यू. एस. ए. खाली दोन रेघा.